"पक्कं समजा" म्हणाले होते? वकिलाकडे येण्याआधी एवढं करून या

प्लॉटचा किंवा घराचा सौदा झाला होता असं तुम्ही म्हणता आणि मालक म्हणतो, "असं काही ठरलंच नव्हतं." अशी माणसं माझ्याकडे येतात तेव्हा त्यांच्या हातात बयाण्याची (आगाऊ दिलेल्या रकमेची) पावती असते आणि डोक्यात राग. तेवढ्यावर दावा उभा राहत नाही, म्हणून थोडी तयारी घरूनच करून या.

सगळ्यात आधी एक वही घ्या. पहिल्या भेटीपासून शेवटच्या फोनपर्यंत तारखा ओळीने लिहा: कोण हजर होतं, किंमत काय बोलली गेली, उत्तर काय मिळालं. उत्तर मात्र जसंच्या तसं लिहा. समजा, नागपुरातल्या मानेवाड्याच्या प्लॉटला तुम्ही 32 लाख म्हणालात आणि मालक म्हणाला, "चालते ना भाऊ, पण रजिस्ट्री दिवाळीनंतर, अन् आर.एल.चे पैसे तुम्ही भरायचे." (आर.एल. म्हणजे प्लॉट नियमित केल्याचं पत्र.) तुम्हाला हा होकार वाटतो. पण 1872 च्या करार कायद्याच्या कलम 7 प्रमाणे स्वीकार बिनशर्त लागतो. अट जोडली की तो मालकाचा नवा प्रस्ताव होतो आणि हो म्हणायची पाळी तुमच्यावर येते. तुम्ही हो कधी म्हणालात? व्हॉट्सअ‍ॅपवर, फोनवर, की बयाणा मोजून? ती तारीख शोधाच. सापडत नसेल तर मला पहिल्याच भेटीत सांगा. उलटतपासणीत कळलं तर माझ्या हातात काही उरत नाही. "घरी विचारून सांगतो" हाही होकार नव्हे, आणि डीलरचा होकार तर मालकाने त्याला तसा अधिकार दिला असेल तरच मालकाचा.

मग नेमकं काय ठरलं ते लिहा. मौजा (गाव), खसरा (जमिनीचा सर्व्हे) क्रमांक, प्लॉट नंबर, क्षेत्रफळ, किंमत. किंमतच "नंतर पाहू" असेल तर त्याच कायद्याचं कलम 29 आडवं येतं, कारण अनिश्चित करार रद्दबातल. रजिस्ट्रीची तारीख ठरली नव्हती म्हणून मात्र घाबरू नका, तिथे कायदा वाजवी मुदत धरतो. "पुढे पक्कं बयाणापत्र करू" एवढं बोलणं झालं होतं म्हणूनही सौदा मोडत नाही. मुख्य अटी ठरल्या असतील तर तो बांधील असू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 1968 मध्येच सांगितलं आहे.

तोंडी सौदाही कायद्याला चालतो, फक्त तो सिद्ध करायचं ओझं जड असतं. तेव्हा बैठकीत चहा पीत बसलेला मेहुणा किंवा शेजारचे काकाजी कोर्टात उभे राहतील का, हे आजच विचारून घ्या. कागद असेल तर मूळ प्रतच आणा. नोंदणी न झालेलं बयाणापत्रही विक्रीपत्र करून मागण्याच्या दाव्यात पुरावा म्हणून चालतं. ताबाही घेतला असेल तर मुद्रांक शुल्क विक्रीपत्रासारखं लागतं आणि ते भरल्याशिवाय कागद पुराव्यात वाचला जात नाही.

सातबारा किंवा आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काढून नावं मोजा. तीन भाऊ आणि दोन बहिणी असतील आणि सही एकाचीच असेल, तर करार फार तर त्याच्या हिश्श्यापुरता. जमीन भोगवटादार वर्ग 2 ची (विक्रीवर सरकारी बंधनं असलेली) असेल तर बहुतेकदा जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. ती कोणी काढायची होती, तेही वहीत लिहा.

पैसे कसे दिले ते लपवू नका. 1 जून 2015 पासून अशा व्यवहारात 20,000 रुपये किंवा त्याहून जास्त रोख घेणाऱ्याला तेवढाच दंड लागू शकतो, त्यामुळे तो रोख रक्कम नाकारणारच. पावती किंवा बँकेतून पैसे काढल्याची नोंद जवळ ठेवा. मोबाइल बदलू नका, चॅट पुसू नका. नुसते स्क्रीनशॉट पुरत नाहीत, त्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं.

बिल्डरकडचा फ्लॅट असेल तर रेराचं (बिल्डरांच्या प्रकल्पांसाठीच्या कायद्याचं) कलम 13 पाहायचं: नोंदणीकृत करारनाम्याआधी 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही.

आता जिथे खरे सौदे हातचे जातात ते. उरलेली रक्कम द्यायला तुम्ही सतत तयार होता, हे विशिष्ट अनुतोष कायद्याच्या (करार प्रत्यक्ष पुरा करून घ्यायच्या कायद्याच्या) कलम 16 प्रमाणे तुम्हालाच दाखवायचं आहे. ठरल्या दिवसापासूनची बँक स्टेटमेंट, एफडीच्या पावत्या, कर्जमंजुरीचं पत्र, सगळं काढा. आणि दावा लावायची मुदत फक्त 3 वर्षांची: ठरलेल्या तारखेपासून, तारीख नसेल तर नकार कळला त्या दिवसापासून. संबंध बिघडतील म्हणून थांबलेली, एफडी मोडून बसलेली कुटुंबं पाहिली आहेत मी. फार वाईट वाटतं. चालढकल सुरू झाली की सगळ्या मालकांना नोंदणी केलेल्या स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा, त्यात रजिस्ट्रीचा दिवस कळवा, आणि त्या दिवशी पैशाच्या पुराव्यासह दुय्यम निबंधक कार्यालयात जाऊन, हजर असल्याचा अर्ज देऊन त्याची पोच घ्या.