चर्चची वाढीव इमारत: शंका कधी आणि कशी मांडावी

नकाशा महानगरपालिकेत दाखल होण्याआधी बोला. एकदा मंजुरी मिळाली की भिंत चार फूट सरकवायलाही सुधारित नकाशा लागतो, आणि मग कमिटीतला समजूतदार माणूसही "आता राहू द्या" म्हणतो. उपासना संपल्यावर दारात उभं राहून विषय काढू नका. एका पानाचा अर्ज लिहा, पाळकसाहेबांना किंवा फादरना भेटून आधी समजावून सांगा, मग तो सचिवांकडे देऊन पोच घ्या.

पहिला प्रश्न जागेचा. सलग आठ साधे रविवार माणसं मोजा; झावळ्यांचा रविवार, ईस्टर, नाताळ वगळा. मोजणी उपदेश सुरू होताना करा, तोवर उशिरा येणारेही बसलेले असतात. बाकावर माणशी दीड फूट धरला तर आठ फुटी बाकावर पाच जण बसतात, म्हणजे ४० बाकांवर २००. सरासरी १४० भरत असेल तर दुसरी उपासना आणि नाताळचा मांडव पुरतो. १७०च्या वर सतत जात असेल तर गरज खरी आहे. आपल्या शंकेच्या विरुद्ध गेलं तरी तेही अर्जात लिहा.

दुसरा प्रश्न मातीचा, आणि नागपुरात यावर सर्वात जास्त अडून बसायला हवं. शहराच्या पश्चिमेला बेसाल्टचा खडक, पूर्वेला ग्नाइस, आणि वर कुठे हातभर तर कुठे पुरुषभर काळी माती. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. जुनं चर्च अनेक वर्षांत बसून स्थिर झालेलं असतं. नवा भाग मात्र पहिल्या दोन-तीन वर्षांत बसतो. खांब वाचवण्यासाठी नवा स्लॅब जुन्या भिंतीत सळया घालून बांधला, तर नवा भाग खाली ओढतो आणि जुन्या खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघते. म्हणून तीन गोष्टी विचारा: किमान दोन ठिकाणी बोअर घेऊन माती परीक्षण झालं का? नव्या भागाचा पाया आणि खांब स्वतंत्र आहेत का? जुन्या-नव्या भागांमध्ये २५ मिलिमीटरचा सांधा, म्हणजे मोकळी फट, सोडलाय का, आणि छपरावर तो पाण्यापासून कसा झाकणार? हा शेवटचा तपशील राहिला की जुलैत गळती ठरलेली.

आज दिसणाऱ्या भेगांवर काचेच्या पातळ पट्ट्या दोन्ही टोकांना चिकटवून वर तारीख लिहा. पट्टी फुटली तर भेग जिवंत आहे, म्हणजे अजून हलते आहे. ही नोंद पावसाळा आणि उन्हाळा, दोन्हींतून गेली तरच उपयोगाची.

बाजूची भिंत पाडून सभागृह रुंद करणार असतील तर ती भिंत छप्पर पेलते का, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी घ्या. त्या बाजूच्या खिडक्या बंद झाल्या की आरपार येणारा वारा थांबतो, आणि मे महिन्यात ४५ अंशांत बसलेल्या म्हाताऱ्या माणसांना ते आधी जाणवतं. नव्या खांबामागून वेदी दिसते का, हे तिथे खुर्ची ठेवून बघा.

पैशांबाबत चौरस फुटाचा दर ऐकून थांबू नका. कामवार अंदाजपत्रक मागा. त्यात जीएसटी, वीजजोड, ध्वनियंत्रणा, बाक धरलेत का? १० टक्के आकस्मिक खर्च आहे का? कबूल केलेली देणगी आणि बँकेत जमा रक्कम वेगळी दाखवायला सांगा. कर्ज काढणार असतील तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५०च्या कलम ३६अ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. जागा स्थानिक मंडळीच्या नावावर आहे की धर्मप्रांताच्या ट्रस्टच्या, हे परिशिष्ट १च्या, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या ट्रस्ट नोंदणीच्या, उताऱ्यावर पाहा. निर्णय कोणाचा, हे त्यावरून कळतं. कॅथोलिक पॅरिशमध्ये अर्थसमिती असणं चर्चच्या कायद्यातल्या कलमाप्रमाणे (कॅनन ५३७) बंधनकारक आहे, तेव्हा तिचं मत विचारा. ठेकेदाराच्या बिलातून ५ टक्के रक्कम वर्षभर राखून ठेवायची अट करारात असावी, म्हणजे एक पावसाळा आणि एक उन्हाळा तपासून मगच ती सुटेल.

महिन्याभरात उत्तर आलं नाही तर सर्वसाधारण सभेत अर्ज वाचा आणि इतिवृत्तात नोंद करायला सांगा. उत्तर पटलं तर काचपट्ट्यांची वही सांभाळायला आपलं नाव द्या.