दार लपलं पाहिजे

आमच्या सोसायटीत दिवाळीचा मातीचा किल्ला करायला जागा नाही. म्हणून सहा वर्षांपूर्वी मी आणि लेकीने घरातले लेगोचे ठोकळे काढले आणि रायगडाचा महादरवाजा बांधायला घेतला. पहिला फसला. दार सुरेख झालं होतं, पण खोलीच्या कुठल्याही कोपऱ्यातून दिसत होतं. गड चढून गेलेल्याला माहीत असतं, महादरवाजा असा दिसत नाही. धापा टाकत पायऱ्या चढताना समोर नुसते बुरूज असतात. त्यांच्या पोटात शिरून वळलं की दार एकदम पुढ्यात येतं. गोमुखी बांधणी ती हीच. लांबून तोफ डागायला दार सापडत नाही, हत्तीला धाव घ्यायला जागा मिळत नाही, आणि आत शिरलेल्यावर दोन्ही बुरुजांवरून मारा होतो. तेव्हा पुढचं सगळं वाचताना एकच धरून ठेवा: दार लपलं पाहिजे. म्हणजे आधी बुरूज, दार सगळ्यात शेवटी.

सुरुवात मापापासून. हे दोन बुरूज साधारण ६५ आणि ७५ फुटांचे सांगतात. लेगोचा माणूस असतो जेमतेम ४ सेंटीमीटर. त्याच्या मापाने बांधलं तर एक बुरूज ४८ सेंटीमीटर आणि दुसरा ५५ होतो. तेवढे ठोकळे आमच्याकडे नव्हते. मग मी माणूस छोटा केला: एक १×१ ठोकळा (म्हणजे वर एकच गुंडी असलेला; या गुंडीला स्टड म्हणतात) आणि त्यावर एक प्लेट, म्हणजे चपटा ठोकळा, एवढाच. ठोकळ्याची उंची ९.६ मिलिमीटर, प्लेटची बरोबर तिसरा हिस्सा, ३.२. म्हणजे माणूस १२.८ मिलिमीटर. या हिशोबाने धाकटा बुरूज १६ थरांचा आणि थोरला १८ थरांचा. हे आता टेबलावर मावतं.

खरी कसोटी बुरुजाच्या गोलाईची. नेहमीसारखी सांधमोड करून, म्हणजे खालच्या सांध्यावर वरचा सांधा न येऊ देता, १×२ ठोकळ्यांची भिंत रचली तर ती जवळजवळ वाकतच नाही, कारण शेजारच्या ठोकळ्यांचे कोपरे एकमेकांना अडतात. उपाय म्हणजे मध्ये मध्ये १×१ गोल ठोकळे घालायचे. पहिला थर असा: एक आडवा १×२, एक गोल, पुन्हा आडवा, पुन्हा गोल, अशा सहा जोड्या, एकूण १८ स्टडची लांबी. दुसरा थर एक स्टड पुढे सरकवा, म्हणजे तो गोल ठोकळ्याने सुरू होईल आणि आडव्याने संपेल. तिसरा थर आणखी एक स्टड पुढे. यात दोन्ही टोकांना दोन दोन गोल येतील, ते बरोबरच आहे. चौथा थर पुन्हा पहिल्यासारखा. दोनच थर आलटून पालटून रचलेत तर दर तिसऱ्या स्टडपाशी भिंत वरपासून खालपर्यंत उकलते. आमची तशी दोनदा हातात आली. तीनचं चक्र मोडू नका.

सहा थर झाले की भिंत हलक्या हाताने वाकवा आणि उरलेले थर वाकलेल्या भिंतीवरच चढवा. पूर्ण उंची झाल्यावर वाकवायला गेलात तर घर्षण इतकं असतं की ठोकळे निसटतात. पहिल्या आणि शेवटच्या स्टडमध्ये बेसप्लेटचे, म्हणजे खालच्या मोठ्या सपाट पाटाचे, १० स्टड मोकळे राहिले की जवळजवळ अर्धवर्तुळ मिळतं. फक्त ही दोन टोकं बेसप्लेटवर दाबून बसवायची. मधली गोलाई स्टडवर बसणारच नाही, म्हणून तिच्याखाली आधी टाइल, म्हणजे वर स्टड नसलेल्या गुळगुळीत प्लेटी, अंथरा आणि पहिल्या थराच्या दोन टोकांखाली एकेक १×१ प्लेट द्या, म्हणजे पातळी एक राहते. आत ६ स्टड रुंद, ३ स्टड खोल असा काळ्या ठोकळ्यांचा खांब उभा करा. गोल ठोकळ्यांच्या फटींतून उजेड दिसत नाही आणि बुरुजाच्या माथ्याला टेकू मिळतो. त्या फटी लपवू नका. काळ्या दगडाचे सांधे वाटावेत असं त्यांचं रूप आहे, मला तर तेच सगळ्यात आवडतं.

दोन बुरुजांना मिळून साधारण २०० आडवे आणि २३० गोल ठोकळे लागतात. जुने, वापरलेले घेतले तरी हरकत नाही, १९५८ पासूनचे ठोकळे आजच्यांना बसतात. राखाडी मात्र जपून घ्या. २००४ च्या सुमारास कंपनीने राखाडी रंग बदलून निळसर केला, त्यामुळे आधीचा किंचित पिवळट वाटतो. मी दहात सात गडद राखाडी, दोन फिके आणि एक मातकट घेते. तळाच्या दोन थरांत थोडे गडद हिरवे. रायगड मी पावसाळ्यात जास्त पाहिला आहे.

माथ्यावरच्या चर्यांसाठी, म्हणजे तटाच्या वरच्या पाकळ्यांसाठी, बाजूला स्टड असलेला १×१ ठोकळा घ्या आणि त्यावर एका टोकाला गोल असलेली टाइल उभी लावा. पाकळी छान दिसते. एक आड एक स्टडवरच लावा, सलग लावल्या तर गोलाई पुन्हा अडते.

दाराचं काम तासाभराचं. फळ्या म्हणून प्लेटी कडेवर उभ्या करून शेजारी शेजारी लावायच्या: पाच प्लेटींची जाडी म्हणजे बरोबर दोन स्टड, तेव्हा चार स्टडच्या दाराला दहा प्लेटी. कमानीच्या दोन्ही अंगांना फुलाच्या आकाराची एकेक १×१ प्लेट, ती दोन कमळं. एवढ्या छोट्या मापात दिंडी दरवाजा (मोठ्या दारातलं छोटं दार) आणि आतल्या देवड्या (पहारेकऱ्यांच्या खोल्या) मी सोडून देते.

आता मांडणी. ४८×४८ ची बेसप्लेट घ्या. एक बुरूज दुसऱ्याच्या पुढे काढा, मध्ये ६ स्टडची वाट ठेवा आणि दाराची भिंत वाटेकडे तोंड करून न लावता बुरुजांच्या आड वळवून लावा. पायऱ्या एकेक प्लेटीने चढवा. मग पहिल्या पायरीपाशी फोन आडवा ठेवून फोटो काढा. दार दिसलं तर पुढचा बुरूज एक स्टड सरकवून पुन्हा काढा. गेल्या दिवाळीत आमच्या चौथ्या फोटोत नुसता दगड आला.