डिझेल फिल्टरमधलं पाणी वेळच्या वेळी काढा

चढावर गाडी दम टाकू लागली, सकाळी स्टार्ट व्हायला कुरकुर करू लागली की लगेच इंजेक्टरवर (इंजिनमध्ये इंधन फवारणाऱ्या भागावर) संशय जातो. आधी फ्युएल फिल्टर बघा, तो स्वस्तात सुटणारा प्रश्न आहे.

डिझेल फिल्टर कचऱ्याबरोबर पाणीही अडवतो. पाणी डिझेलपेक्षा जड, त्यामुळे ते तळाशी साचतं. इंजिन बंद आणि थंड असताना खाली पारदर्शक भांडं धरा आणि तळाचा ड्रेन स्क्रू थोडा सैल करा. पाणी असेल तर भांड्याच्या बुडाशी त्याचे गोळे वेगळे दिसतात. निव्वळ डिझेल यायला लागलं की स्क्रू बंद. डॅशबोर्डवर फिल्टरमधल्या पाण्याचा दिवा लागला असेल तर चालढकल नको. पाण्याने हाय प्रेशर पंप गंजतो आणि ते बिल फिल्टरच्या कित्येक पट येतं.

फिल्टर किती किलोमीटरला बदलायचा ते मॅन्युअलमध्ये बघा. धुळीत फिरणं जास्त असेल तर थोडा आधीच बदला. नव्या फिल्टरवर बाण असेल तर तो इंजिनकडे. जुनी ओ-रिंग (गळती रोखणारी रबरी रिंग) परत बसवू नका. नवीला डिझेलचं बोट फिरवा. हँड प्रायमर (लाइनमध्ये डिझेल भरायचा हातपंप) असेल तर तो कडक लागेपर्यंत दाबा, नाहीतर लाइनमध्ये हवा राहते आणि स्टार्टर मारून मारून बॅटरी उतरते.

पेट्रोल इंजेक्शन गाडीत लाइनमध्ये दाब असतो. फ्युएल पंपाचा फ्यूज काढून इंजिन चालवा आणि आपोआप बंद पडू द्या, मगच पाइपला हात लावा. फिल्टर टाकीच्या आत असेल तर सरळ मेकॅनिककडे द्या.