वाइजचा तक्ता नंतर, आधी चित्र

एमएस्सीच्या प्रकल्पात मला थंड तपकिरी बटू शोधायचे होते. हे धड तारेही नाहीत आणि ग्रहही नाहीत. साध्या प्रकाशात ते जवळजवळ दिसतच नाहीत, अवरक्तात मात्र सापडतात. माहिती नासाच्या ‘वाइज’ या अवकाश दुर्बिणीची घ्यायची, एवढंच ठरलं होतं. सुरुवात कुठून करायची ते विचारायला जवळपास कुणी नव्हतं, म्हणून हे लिहितेय.

१४ डिसेंबर २००९ ला निघालेल्या वाइजचा आरसा अवघा ४० सेंटिमीटरचा. ध्रुवांवरून जाणाऱ्या कक्षेत, दिवस-रात्रीच्या सीमेवरून फिरत ती दर ११ सेकंदांनी आकाशाचा एक तुकडा टिपायची. नजर सूर्याच्या दिशेशी काटकोनात, त्यामुळे पृथ्वीची सूर्याभोवती अर्धी प्रदक्षिणा होईतो, म्हणजे सहा महिन्यांत, सगळं आकाश टिपून व्हायचं. क्रांतिवृत्ताच्या (सूर्याच्या आकाशातल्या वार्षिक वाटेच्या) ध्रुवांजवळचा भाग मात्र जवळजवळ प्रत्येक फेरीत नजरेखाली यायचा. म्हणून तिथे फार अंधुक वस्तूही दिसतात. क्रांतिवृत्तालगत तितक्या दिसत नाहीत. हे ठाऊक नसेल तर ‘इकडे बटू जास्त आहेत’ असा भलताच निष्कर्ष निघतो.

दुर्बीण गरम असेल तर ती स्वतःच अवरक्तात चमकते. त्यासाठी वाइजला गोठवलेल्या हायड्रोजनने थंड ठेवलं होतं. २०१० मध्ये तो संपला आणि १२ व २२ मायक्रॉन तरंगलांबीचे पट्टे बंद पडले. ३.४ आणि ४.६ चे चालू राहिले, आणि आपलं काम नेमकं त्यांच्यावरच चालतं. थंड बटूच्या वातावरणातला मिथेन ३.४ जवळचा प्रकाश गिळतो, ४.६ ला मात्र तो उजळ दिसतो. या दोन पट्ट्यांतल्या प्रतींमधला (प्रत म्हणजे तेजस्वितेचं माप) फरक मोठा आला की संशयित सापडला.

मीही तसंच केलं. ७४ कोटींहून जास्त नोंदींच्या ‘ऑलवाइज’ तक्त्यातून फरकावर चाळणी लावली, यादी बघून हरखले. मग एकेक चित्र उघडलं. बहुतेक ‘बटू’ म्हणजे शेजारच्या तेजस्वी ताऱ्याचे किरणकाटे, नाहीतर दुर्बिणीच्या आतल्या परावर्तनाने उमटलेली ‘भुतं’, म्हणजे खोटे ठिपके! तक्त्यात ‘सीसी फ्लॅग्ज’ नावाचा रकाना असतो, तो अशाच खोट्या नोंदींची खूण करतो. मी तो वाचलाच नव्हता. तीन आठवडे गेले.

अमेरिकेतल्या कॅलटेक संस्थेमधल्या ‘इर्सा’ या अवरक्त माहितीच्या संग्रहात हे सगळं फुकट मिळतं. पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा येत नसेल तरी ‘टॉपकॅट’ या तक्ते हाताळायच्या सॉफ्टवेअरने सुरुवात होते. पण चाळणी लावण्याआधी एक संध्याकाळ ‘वाइज ०८५५’ साठी ठेवा. हा बटू आपल्यापासून सुमारे सात प्रकाशवर्षांवर आहे, आणि पाणी गोठेल इतका थंड. त्याची २०१० ची आणि २०१४ नंतरची ४.६ मायक्रॉनची चित्रं एकावर एक ठेवून आलटून पालटून बघा. बाकीचे तारे जागच्या जागी राहतात, तो एकटा ठिपका सरकतो.