जोन्स रोगासाठी कोणती टेस्ट लावायची? शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात एमव्हीएससीसाठी (पदव्युत्तर पदवीसाठी) येणाऱ्यांना

जोन्स हा गायी-म्हशींच्या आतड्याचा, मायकोबॅक्टेरिया गटातल्या जिवाणूमुळे होणारा जुनाट रोग. फलटण तालुक्यातल्या एका गोठ्यात तिसऱ्या वेताची एचएफ संकरित गाय होती. वैरण नेहमीसारखी खायची, ताप नव्हता. पण शेण पाण्यासारखं पातळ, जबड्याखाली सूज, बरगड्या मोजता येतील इतकी रोडावलेली. जंताचं औषध दोनदा देऊन झालं होतं. मी शेणाची स्लाइड झील-नील्सन पद्धतीने रंगवली, तर निळ्या रंगात लाल जिवाणूंचे झुबके दिसले. एकटी-दुकटी लाल काडी शेणातल्या दुसऱ्या मायकोबॅक्टेरियाचीही असते. झुबका दिसला तरच जोन्सचा संशय धरा.

बाकीच्या गायींच्या स्लाइड स्वच्छ निघाल्या आणि मी गोठ्याच्या मालकाला, दादांना, सांगून मोकळी झाले, "बाकी जनावरं ठीक आहेत." तिथेच चुकलं. लागण वासरूपणीच शेणातून, चिकातून होते. लक्षणं दिसायला दोन ते पाच वर्षं जातात. मधल्या काळात जिवाणू शेणातून अधूनमधून आणि थोडेच पडतात, तेवढे स्लाइडवर सापडत नाहीत. पुढे त्यातल्याच दोन गायी आयएस९०० पीसीआरला (या जिवाणूचा डीएनएचा तुकडा शोधणाऱ्या तपासणीला) पॉझिटिव्ह आल्या. तोवर एकीचा चीक तिच्या कालवडीने पिला होता.

पीसीआर एक-दोन दिवसांत उत्तर देते, पण शेणातले घटक अभिक्रिया अडवतात. म्हणून इंटर्नल कंट्रोल (अभिक्रिया अडली नाही ना, हे दाखवणारी सोय) लावल्याशिवाय निगेटिव्ह मानू नका.

कल्चर, म्हणजे जिवाणू माध्यमात वाढवून बघणं, हा अजूनही भक्कम पुरावा, पण त्याला धीर लागतो. अंड्यातल्या बलकाच्या हेरॉल्ड माध्यमात मायकोबॅक्टिन-जे (जिवाणूला लोह मिळवून देणारा घटक) घालावंच लागतं, नाहीतर हा जिवाणू वाढत नाही. ३७ अंशांवर तीन-चार महिने, कधी त्याहून जास्त. माझ्या पहिल्या खेपेच्या नळ्यांत दुसऱ्याच आठवड्यात बुरशी आली, कारण शेणातले बाकीचे जंतू मारण्यासाठी नमुन्यावर करायच्या निर्जंतुकीकरणाची वेळ मी घाईने कमी केली होती. तीच वेळ वाढवली असती, तर जोन्सचे जिवाणूही मेले असते. प्रोटोकॉलमधली मिनिटं तंतोतंत पाळा.

एलायझा, म्हणजे अँटिबॉडी शोधणारी तपासणी, रक्तावर किंवा दुधावर होते, स्वस्त पडते, अख्खा कळप तपासायला सोयीची. अँटिबॉडी मात्र उशिरा वाढतात, त्यामुळे तरुण जनावरातल्या निगेटिव्हवर माझा भरवसा नाही. प्रबंधात पद्धतींची तुलना करताना जनावरांचं वय आणि लक्षणं वेगळ्या रकान्यांत लिहा. सगळी एकत्र मोजली, तर पद्धतींमधला खरा फरक दिसतच नाही.

आता रिपोर्टवर मी "रोग नाही" असं लिहीत नाही. "या नमुन्यात जिवाणू आढळले नाहीत, सहा महिन्यांनी पुन्हा तपासावे," असं लिहिते आणि दादांना फोन करून त्याचा अर्थ समजावून सांगते.