कुलंट जातंय कुठं? जुन्या आठसीटर गाडीची गळती शोधताना

आमची आठसीटर डिझेल गाडी २००४ ची. आबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, ती घेतली तेव्हा मी या घरात आलेही नव्हते. आता ती बहुतेक मीच चालवते. राहायला कराड, माहेर चिपळूण, त्यामुळं महिन्यातून एकदा तरी कुंभार्ली घाट ठरलेला. गेल्या मे महिन्यात माहेराहून परत निघालो, गाडीत सात माणसं, टपावर आंब्याच्या चार पेट्या. पोफळी मागं पडली, चढ सुरू झाला आणि टेम्परेचरचा काटा निम्म्याच्या वर सरकायला लागला. मी एसी बंद केला, काचा खाली घेतल्या आणि हीटर पूर्ण गरमवर लावून ब्लोअर जोरात सोडला. मेच्या उन्हात आत अंग भाजत होतं, पण हीटर म्हणजे डॅशबोर्डमागचा छोटा रेडिएटरच, इंजिनची उष्णता तोही बाहेर काढतो. काटा थोडा उतरला आणि आम्ही वर पोचलो. तासाभरानं बोनेट उघडलं तर कुलंटची, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या रंगीत पाण्याची, बाटली कोरडी. आणि गाडीखाली एक थेंब नाही.

त्यानंतर एका गॅरेजमध्ये गाडी दाखवली. बोनेट उघडून दोन मिनिटांत निदान झालं, रेडिएटर गेलाय. नवा बसवला, साडेसहा हजार रुपये गेले, आणि दहा दिवसांत बाटली पुन्हा खाली. खरी गळती शेवटी सापडली ती बोटभर लांबीच्या एका होजला, म्हणजे रबरी नळीला. किंमत १८० रुपये. ती आम्ही कशी शोधली ते सांगते, कारण जुन्या गाडीत कुलंट जायला लागलं की बहुतेक लोक एक तर महिनोन्‌महिने पाणी घालत राहतात, नाही तर अंदाजानं पार्ट बदलत सुटतात.

आधी एक सांगते, ते काटेकोर पाळा. इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका, फडकं धरूनसुद्धा नाही. झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो. तेवढा दाब ते आत धरून ठेवतं. ०.९ च्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा ११८ अंशांच्या आसपास उकळतं. झाकण फिरवलं की दाब एकदम जातो, आतलं सगळं त्याच क्षणी उकळून कारंज्यासारखं अंगावर येतं. किमान दोन तास थांबा. मी तर सकाळीच बघते, रात्रभर गाडी उभी राहिल्यावर. दुसरं, कुलंट चवीला गोड असतं आणि विषारी असतं. सांडलेलं लगेच धुऊन टाका, दारातलं कुत्रं-मांजर चाटेल, लहान मूल हात घालेल.

पहिलं काम मोजण्याचं. बाटलीवर कुलंटच्या पातळीला नेलपॉलिशची रेघ मारा. रोज सकाळी, गाडी चालू करायच्या आधी, सपाट जागेवर बघा. जेवढं कमी होईल तेवढं औषधाच्या मापानं मोजून घाला आणि वहीत लिहा, किलोमीटरसकट. आमचं आठवड्याला साधारण ३०० मिली जात होतं. बाटली कधी भरलेली, कधी रिकामी, असा अंदाज कामाचा नाही. वहीवरून कळलं की गावातल्या गावात फिरलं तर कमी जातं, घाट चढून आलं की जास्त. म्हणजे गळती दाबाखाली उघडणारी होती.

याच वेळी साधं पाणी घालणं थांबवा. पाण्याला रंग नाही, वास नाही, वाळल्यावर नीट खूण राहत नाही. गळती असूनही दिसत नाही. बोअरचं पाणी तर नकोच, त्याचा क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. कुलंट आणि डिस्टिल्ड वॉटर, म्हणजे आपण बॅटरीत घालतो ते, निम्मं निम्मं घाला. हिरवं असो की लाल, आधीचं ज्या जातीचं आहे त्याच जातीचं घ्या. नुसत्या रंगावर जाऊ नका, डब्यावरचं वाचा.

मग गाडीखाली फ्रिजच्या खोक्याचा मोठा पुठ्ठा रात्रभर सरकवून ठेवा आणि पुढच्या चाकांच्या जागा पेनानं आखा. सकाळी डाग कुठं पडलाय ते त्यावरून कळतं. उन्हाळ्यात एसी लावून आलात तर डाव्या बाजूला पाण्याचं थारोळं दिसेल. स्वच्छ, बिनवासाचं, बोटाला न चिकटणारं. ते एसीचं पाणी, त्यानं घाबरू नका. कुलंट बोटांत चोळलं की बुळबुळीत लागतं आणि त्याला गोडसर वास येतो.

आमच्या पुठ्ठ्यावर काहीच पडलं नाही. तेव्हा मी ओळखीच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडं गेले. ते म्हणाले, ‘‘वहिनी, थेंब खाली पडतो, पण गळती वर असती. डाग धरून वर जायचं. आणि गरम इंजिनवर पडलेला थेंब जमिनीवर पोचतच नाही, वाटंतच वाळतो.’’ माझ्या डोक्यात तेव्हा उजेड पडला. ओलं शोधायचं नव्हतं, वाळलेलं शोधायचं होतं.

कुलंट वाळलं की मागं पांढरट किंवा हिरवट पापुद्रा राहतो, नळाच्या तोटीवर क्षार चढतो तसा. गार इंजिनवर चांगली टॉर्च घेऊन सगळे जोड बघा. वरचा होज, खालचा होज, प्रत्येक क्लिपची कड, रेडिएटरची प्लॅस्टिकची टाकी ॲल्युमिनियमला जिथं दाबून बसवलेली असते ती रेघ, थर्मोस्टॅटचं (इंजिन तापलं की कुलंटची वाट उघडणाऱ्या झडपेचं) घर, आणि बाटलीचा तळसुद्धा. जुन्या प्लॅस्टिकला केसासारखी चीर जाते. होज हातानं दाबून बघा. निब्बर लाकडासारखा झाला असेल किंवा दाबल्यावर करकर वाजला तर त्याचं आयुष्य संपलं. जिथं डोळा पोचत नाही तिथं पावडरच्या डबीतला आरसा धरा. संशयाची जागा फडक्यानं पुसून कोरडी करा, तिथं टाल्कम पावडर भुरभुरा आणि गाडी फिरवून आणा. ओघळ पावडरीत स्पष्ट दिसतो.

झाकणाकडं कुणी बघत नाही, तेही बघा. त्याचं रबर चिरलं असेल तर दाब धरत नाही, आणि तसं कुलंट बाटलीत जाऊन तिथून उतू जातं. सकाळी वरचा होज चपटा, आत ओढल्यासारखा दिसला तर झाकणातला उलटा वॉल्व अडकलाय. गार होताना कुलंट बाटलीतून परत येत नाहीये. हे झाकण अगदी स्वस्तात मिळतं. घेताना तोच आकडा घ्या, जास्त दाबाचं लावलं तर जुने होज फुटतील.

एवढं करूनही सापडलं नाही तर प्रेशर टेस्ट. रेडिएटरच्या झाकणाच्या जागी बसणारा हातपंप असतो, त्याला दाब दाखवणारं घड्याळ असतं. सगळ्या गॅरेजमध्ये नसतो, आधी विचारा. इंजिन गार, रेडिएटर काठोकाठ भरलेला, आणि झाकणावर आहे तेवढाच दाब भरायचा. मग वाट बघायची.

आमच्या गाडीला मिस्त्रींनी ०.९ भरला. दहा मिनिटांत काटा ०.७ वर आला. खाली काही नाही, पुढून काही नाही. मी वॉटर बॉडीच्या, म्हणजे कुलंट फिरवणाऱ्या पंपाच्या, मागं आरसा घातला, त्यांनी टॉर्च धरली. तिथं वॉटर बॉडीतून थर्मोस्टॅटकडं जाणारा आखूड बायपास होज असतो. त्याच्या खालच्या क्लिपच्या कडेला मोहरीएवढा थेंब उभा होता. बघता बघता ज्वारीच्या दाण्याएवढा झाला, तिथंच थरथरला आणि इंजिनच्या ब्लॉकवरून ओघळून गेला. पुन्हा मोहरी, पुन्हा ज्वारी. ब्लॉकवर त्या ओघळाची पांढरी वाळलेली रेघ होती, पण वरून बघितलं तर दिसायचीच नाही. घाटात इंजिन तापल्यावर दाब चढायचा, थेंब सुटायचा आणि तिथंच वाफ व्हायची. पुठ्ठा कोरडा का राहिला ते कळलं.

एक उलटा प्रकारही असतो. रबर जुनं झालं की काही जोड फक्त गार असताना गळतात; इंजिन तापून धातू फुगला की जोड आपोआप घट्ट. तुम्ही दुपारी गाडी गॅरेजमध्ये नेता, सगळं कोरडं. असा संशय असेल तर गाडी आदल्या रात्रीच तिथं सोडा, सकाळी गार इंजिनवर बघायला सांगा.

वॉटर बॉडीलाच गळती असेल तर तिच्या पुलीखाली एक छोटं भोक असतं, तिथून ओघळ दिसतो. ते भोक मुद्दाम ठेवलेलं असतं, आतलं सील गेलं की सांगायला. ते बुजवू नका, वॉटर बॉडी बदला. इंजिन बंद असताना पुली हलवून बघा, खेळत असेल तर बेअरिंगही गेलंय. हीटर कॉइल गळत असेल तर बाहेर काहीच दिसत नाही. आत डाव्या सीटच्या पायाखालचं मॅट ओलं, पुढच्या काचेवर आतून चिकट धुकं, आणि ब्लोअर लावला की गोडसर वास.

सगळ्यात काळजीचं म्हणजे बाहेर कुठंच गळती नाही आणि कुलंट तरी जातंय. मग हेड गॅस्केटचा, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधल्या पातळ सीलचा, संशय घ्यावा. गार इंजिन सुरू करा आणि मिनिटभरात वरचा होज दाबा. इंजिन तापायच्या आधीच तो दगडासारखा टणक झाला तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात येतोय. सायलेन्सरमधून गाडी तापल्यावरही जाणारा गोडसर पांढरा धूर, रेडिएटरमध्ये न थांबणारे बुडबुडे, डिपस्टिकवर दुधाच्या चहासारखं ऑइल, यातलं काही दिसलं तर गाडी चालवू नका, टोचन लावून न्या. तशीच दामटली तर हेड वाकतं, मग खर्च दसपट.

हळदीबद्दल विचारतात म्हणून सांगते. रेडिएटरला बारीक भोक पडलं की मूठभर हळद टाकायची ही आपल्याकडच्या ड्रायव्हरांची जुनी युक्ती. रात्री घाटात अडकलेल्या माणसानं घरी पोचण्यापुरती केली तर मी नाव ठेवणार नाही. पण दुसऱ्या दिवशी सगळं पाणी काढून फ्लश करा. हळद फक्त भोकातच जाऊन बसत नाही, ती बारीक नळ्यांतही बसते, आणि पुढच्या उन्हाळ्यात गळती नसताना गाडी तापते.

होज बदलताना आम्ही क्लिपाही नव्या घातल्या आणि शेजारचे दोन जुने होजही काढले, तेवढ्याच वयाचे होते. नंतर हवा काढायला विसरू नका. गाडीचं नाक चढाकडं करून उभी करा, हीटर पूर्ण गरमवर, झाकण आधीपासूनच उघडं, आणि गार इंजिन सुरू करून आयडलवर ठेवा. तोंड लांब ठेवा. पातळी उतरेल तसं घालत जा. थर्मोस्टॅट उघडला की खालचा होज कोमट होतो. बुडबुडे थांबले की इंजिन बंद करून झाकण लावा.

मी नेलपॉलिशची नवी रेघ मारली. पहिल्या दोन सकाळी पातळी थोडी उतरली, ती राहिलेली हवा होती. तेवढं भरलं. जुलैत भर पावसात चिपळूणला जाऊन आलो, येताना घाटात काटा निम्म्यावरच होता, आणि सकाळी बाटली रेघेवर.