अण्णांच्या आठवणी लिहायच्या तर आधी खतावणी उघडा

वर्षश्राद्धाला वडिलांवर, म्हणजे अण्णांवर, छोटी पुस्तिका काढायचं ठरलं आणि भावाने पहिलं वाक्य लिहून पाठवलं, "आमचे अण्णा अत्यंत कष्टाळू व मनमिळाऊ होते." मी फोन करून म्हटलं, अरे, हे तर लालबागच्या दर चौथ्या बॅनरवर असतं. अण्णांना जाऊन तेव्हा तीन महिने झाले होते आणि गाळा रिकामा करायची घाई चालली होती. त्या गडबडीत जे शिकले ते सांगते. घरातलं कुणी धंदेवाईक माणूस गेलं असेल तर उपयोगी पडेल.

भंगारवाल्याला बोलावण्याआधी गाळ्याचे फोटो काढा. अण्णांचं काम मोटार वाइंडिंगचं, म्हणजे मोटारीत तांब्याची वायर नव्याने गुंडाळायचं. जळालेली मोटार आली की जुनी वायर काढण्याआधी टर्न (वेढे) किती, गेज (वायरची जाडी) कुठलं, पिच (एक वेटोळं किती स्लॉट, म्हणजे खाचा, ओलांडतं) किती, हे वहीत उतरवायचं. एकदा वायर ओढली की मोटार काही सांगत नाही. गाळ्याचंही तेच. खिळ्याला काय अडकवलंय, स्टुलाचा कुठला पाय सुतळीने बांधलाय, हे जागेवर असतानाच टिपायचं. आम्हाला उशीर झाला, वाइंडिंग मशीन आधीच किलोवर गेलं होतं.

मग वह्या. अल्बम नंतर बघा, कारण अल्बममध्ये सगळे नीट उभे राहून हसतात. रोजच्या जमाखर्चाच्या रोजकीर्दीत आणि गिऱ्हाइकांच्या खात्यांच्या खतावणीत माणूस घाईत सापडतो. अण्णांच्या डेटाच्या वहीत "३ एचपी, ३६ स्लॉट" च्या खाली बारीक अक्षरात सापडलं, "माणूस चांगला, पैसे उशिरा." पुढच्याच पानावर, "पैसे वेळेवर, माणूस नको." पुस्तिकेचं पहिलं पान तिथेच मिळालं.

तारीख नसलेले कागद लावायची एक युक्ती आहे. बिलावरचा पत्ता बघा. नुसतं "मुंबई १२" असेल तर कागद बहुधा पिनकोडच्या आधीचा, कारण पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला आला. "४०० ०१२" असेल तर नंतरचा. यात थोडी सूट धरा. अण्णा जुनी बिलबुकं संपल्याशिवाय नवी छापत नसत. तोंडी आठवणींनाही असाच खुंटा लागतो. आत्याला साल आठवत नव्हतं, पण "तुझा बाप माझ्याबरोबर ट्रामने दादरला आला होता" हे पक्कं. शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला धावली. म्हणजे अण्णा मुंबईत त्याआधी आले होते.

माणसांशी बोलताना "ते कसे होते?" असं विचारू नका. आईला मी तेच विचारलं आणि ती डोळ्यांना पदर लावून बसली. दुसऱ्या दिवशी विचारलं, रविवारी मटण कोण आणायचं? चाळीस मिनिटं बोलली. "हे सातला निघायचे. नळीवरून खाटकाशी भांडायचे, येताना तीन घरी चहा प्यायचे, दहाला मटण घरात. आणि वर मला म्हणायचे, अजून शिजलं नाही?" संध्याकाळी डबलडेकरच्या वरच्या मजल्यावर, अगदी पुढच्या सीटवर आम्हाला बसवून शेवटच्या स्टॉपपर्यंत न्यायचे. तिथे भेळ खायची आणि त्याच बसने परत यायचं. याला आमच्याकडे सहल म्हणत.

रेकॉर्डिंग करताना फोन फ्लाइट मोडवर टाका, खाली जाड टॉवेल ठेवा आणि पंखा बंद करा. माझं पहिलं रेकॉर्डिंग पंख्याच्या घरघरीत गेलं. वाइंडरच्या मुलीला हे शोभत नाही.

कारागिरांना आणि रमीच्या जोडीदारांना नातेवाइकांच्या आधी गाठा. ते खरं बोलतात. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. त्याआधीच्या खतावणीत तीन गिरण्यांची खाती भरलेली, पुढे पानं कोरी. अण्णा आम्हाला सांगायचे, "तेव्हा मजा होती, रोज रमी." जुना कारागीर म्हणाला, "शेठनी आठ महिने अर्धा पगार दिला, मी बोलणं सोडलं होतं." आई म्हणाली, "तो अर्धा पगार माझ्या पाटल्यांचा होता." या तिन्ही गोष्टी आम्ही एकाखाली एक छापल्या. भावाला अर्धा पगार गाळायचा होता. मी अडून बसले. तो गाळला तर पाटल्याही गाळाव्या लागतात, आणि मग गिरण्या गेल्यावर माणूस इमारतींच्या पाण्याच्या पंपांकडे का वळला, ते कुणालाच कळणार नाही.

कामाचं वर्णन एखाद्याच दिवसाचं करा, पण पुरतं करा. आम्ही २००५ चा जुलै घेतला. २६ तारखेला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. २८ च्या रोजकीर्दीत एकाखाली एक बुडालेले पंप. ते खोलायचे, चिखल धुवायचा, आत २०० वॅटचे बल्ब लावून सुकवायचे, मग मेगर (वायरचं इन्सुलेशन शाबूत आहे का ते तपासायचं यंत्र) लावून बघायचं. ज्यांचं वाइंडिंग गेलं त्यांच्यापुढे "तांबं + वार्निश" एवढीच रक्कम. मजुरीचा रकाना कोरा. त्यावर आम्ही एक शब्दही लिहिला नाही, पानाचा फोटोच छापला. वहीची पानं खिडकीजवळ, थेट ऊन न येणाऱ्या उजेडात टिपा, फ्लॅशने शाई चमकते. चिकट अल्बममधले फोटो ओढू नका, पानासकट टिपा. फोटोमागे नावं मऊ पेन्सिलीने लिहा, बॉलपेन पुढे उमटतं.

मधे पिना मारायच्या पुस्तिकेची पानं चारच्या पटीत लागतात. आमची २४ झाली. छापण्याआधी आईला वाचून दाखवली, तिने मजकुरातली चहाची साखर दोनाची तीन चमचे केली. शेवटची दोन पानं मुद्दाम कोरी सोडली आणि वर्षश्राद्धाला पंगतीत एक प्रत पेनसकट फिरवली. अण्णांचा रमीचा जोडीदार बराच वेळ लिहीत होता असं वाटलं. प्रत परत आली तेव्हा एकच ओळ होती : "जोकर मांडीखाली लपवायचा. ४० रुपये येणे."